वाचला असता तो दात

गुरुवार, संध्याकाळ

आज इचलकरंजीहून शालन आली. मागावर काम करते, वय बत्तीस. पुढचाच दात किडलेला, पण वाचण्यासारखा.

"चार वेळा यावं लागेल," मी म्हटलं.

"काढाच की, डॉक्टरबाई. चार खाडे झाले तर मालक दुसरी बाई लावतोय."

"मी फुकट करते."

"फुकट केलं तरी खाडा पडतोयच की."

शेवटी काढला. चांगला घट्ट होता, जोर लावावा लागला. पुढचाच दात! तिनं आरशात पाहिलं, पदर तोंडाशी धरला. "आता हसायचं न्हाय, एवढंच," म्हणाली आणि बस गाठायला पळाली.

तिला सुट्टी कुठल्या वारी असते, हे मी विचारलंच नाही. रविवार असता, तरी दवाखाना उघडला असता. ती गेल्यावर सुचलं.