दादाच्या उजव्या हाताची सही

१९ ऑक्टो. २००४, देवळी
बँकेतून बीएल आला एकदाचा. मालाच्या हक्काचा जहाज कंपनीचा कागद, तिन्ही मूळ प्रती. तो दिला की त्यांची माल सोडायची चिठ्ठी, मग कस्टम. आमचा पहिलाच कंटेनर, चीनचे फवारणी पंप, नागपूरच्या डेपोत येऊन पडलाय. कस्टमचं काम बघणारा एजंट तीनदा म्हणाला, "ओरिजिनल है, भाऊ. दाग नहीं लगना चाहिए." इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सगळं एका फाइलीत लावलं. दुकान दोघा भावांचं, पण आयातीचा कोड दादाच्या नावावर, सही त्याचीच चालते. हे मला खुपतं.

२२ ऑक्टो., दसरा
आपट्याची पानं घेऊन आलो तर दादाने वजनकाटा, नट-बोल्टचे पाने, ड्रिलसोबत बीएलही पूजेत मांडलेला. तिन्ही प्रतींवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक. वर शिंपडलेल्या हळदीच्या पाण्यात शिक्का, सही, नंबर सगळं पसरलं.
"लक्ष्मीच हाये ना थे," म्हणे.
जेवताना मी ताट भिंतीवर मारलं. वहिनी भिंतीवरचं श्रीखंड पुसत होती.

२५ ऑक्टो., नागपूर
जहाज कंपनीच्या माणसाने प्रती उजेडात धरल्या आणि परत सरकवल्या. चिठ्ठी नाही. नवा बीएल चीनहून यायला महिना. नाहीतर नोटरीसमोर हमीपत्र, कोडवाल्याची सही, बँकेतल्या सहीशी जुळणारी. मी मूठ आपटली, काउंटरची काच तडकली. चौकीदाराने कॉलर धरून बाहेर काढलं.

संध्याकाळी दुकानात दादा म्हणतो, "काऊन बोंबलून राह्यला? देवापुढं ठेवला त काय पाप झालं?"
जुन्या पंपाचा लोखंडी दांडा हाताशी होता. त्याच्या डोक्यावरच उचलला होता, इथे तरी खरं लिहितो. त्याने उजवा हात आडवा घातला. कडकन आवाज आला. तरी मी आणखी एकदा मारला.

२६ ऑक्टो.
मनगटाजवळ दोन ठिकाणी मोडलंय. प्लास्टर, सहा आठवडे. डॉक्टरला, आईला, वहिनीला दादाने एकच सांगितलं, ओट्यावरून पडलो. मला लाज वाटते. मग लाज वाटायला लावली म्हणून त्याचाच राग येतो.
दुपारी ध्यानात आलं. सहीचा हात मोडला मी.

२९ ऑक्टो.
एजंटने वाट काढली. हमीपत्रावर डावा अंगठा चालेल. पण सही का नाही, हात कशाने मोडला, हे शपथेवर लिहून द्यायचं. पाहणारा साक्षीदार हवा. दुकानात तेव्हा मीच होतो. तुरीच्या फवारणीआधी पंप सुटले नाहीत तर वर्ष गेलं.


१ नोव्हें., वर्धा
कोर्टाजवळ नोटरीकडे. टायपिस्टने विचारलं, "हात कायनं मोडला?"
दादा म्हणाला, "याले इचारा. साक्षीदार थोच हाये." आवाज चढवला नाही.
बाकावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. पडला म्हणालो तर शपथेवर खोटं, तेही मारणाऱ्यानेच सांगायचं. खरं सांगितलं तर पोलीस, आणि आईला कळणार. माझी मूठ पुन्हा वळली होती. समोर मारण्यासारखं कुणी नव्हतं.
चहा घेऊन येतो म्हणून बाहेर आलो. टपरीवर बसून हे लिहितोय. टायपिस्टने दोनदा हाक मारली. दारातून दादा दिसतो. डाव्या अंगठ्याला शाई लावून बसलाय, माझी वाट बघत.