पट्ट्यांवरच्या चारशे सायकली

सोलापूर,
सोमवार, २० फेब्रुवारी १९७८

मंगळवार, दिनांक १४ फेब्रुवारी, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटं. एवढं आधी टिपून ठेव आणि मग पुढचं वाच. वेळेबद्दल शंका नको. एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे ट्रंक कॉल मिनिटं मोजून तोडले आहेत.

चि. विरुपाक्ष यास महादेवी आत्याचे आशीर्वाद. तुझं पित्त कसं आहे? सूनबाईला सांग, सकाळचा चहा बंद केल्याशिवाय ते जायचं नाही. (तुझ्या वडिलांचंही असंच होतं. माझा भाऊ असला तरी चहाच्या बाबतीत त्याला अक्कल नव्हती.) तू याच गावात राहतोस, सायकलीवर बारा मिनिटांच्या अंतरावर, तरी पत्र लिहिते आहे. कारण मी बोलायला लागले की तू घड्याळ बघतोस. लिहिलेलं निदान महापालिकेच्या फाइलला तरी लागेल. माझी तब्येत उत्तम आहे, उजव्या कोपराचं साल गेलं तेवढं सोडून, आणि त्याच कोपराविषयी हे पत्र आहे.

तुला आठवत असेल, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी आवरावी म्हणून तुझ्या खात्याने आमच्या चौकात ‘उजवीकडे वळण्यास मनाई’ अशी पाटी लावली. गड्डा उठला, पाळणेवाले गेले, पाटी मात्र राहिली. गिरणीकडून येणाऱ्या माणसाला विणकरांच्या वस्तीत जायचं तर आमच्या घरावरून उजवीकडेच वळावं लागतं, आणि तिकडे राहणारी माणसं काही शे आहेत. हे पाटी रंगवणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं. पहिले आठ दिवस ट्रॅफिक पोलीस शिवपुत्र याने वळणाऱ्यांच्या चाकांतली हवा सोडली. सांगोल्याकडचा आमचा दूधवाला येडू, बिचारा दोन कॅन लटकवलेली सायकल ढकलत आला. दूध उशिरा आलं, नासलं, आणि त्या दिवशी मी काळा चहा प्यायले. तेही मी सोडून दिलं.

नंतर लोकांनी एक युक्ती काढली. पाच वाजता गिरणीचा भोंगा होतो. पाळी सुटते. सगळे सायकलीवरून चौकापर्यंत येतात, पाटीच्या अलीकडे शिस्तीत खाली उतरतात आणि पायी चालणाऱ्यांसाठी आखलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवरून सायकल हातात धरून पलीकडे जातात. तिथे पुन्हा टांग मारतात. म्हणजे उजवीकडे कोणी वळत नाही, सगळे रस्ता ओलांडतात. चारशे माणसं आणि चारशे सायकली, दीड हाताच्या अंतराने. शिवपुत्र शिट्टी तोंडात धरून बघत उभा राहतो. हवा सोडावी तर माणूस सायकलीवर बसलेला नाही. ही अक्कल कोणत्या रिकामटेकड्या डोक्यातून निघाली ते शोधून काढून त्या व्यक्तीला चांगली समज द्यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तू म्हणशील, आत्या, पाच वाजता घराबाहेर पडतेस कशाला. माझी मैत्रीण चंद्रव्वा तुला ठाऊक आहे. चौकाच्या त्या बाजूला राहते, कॉन्व्हेंटमध्ये सात वर्षं माझ्याच बाकावर होती आणि इतिहासाच्या पेपरात माझंच बघून लिहायची. तिचा एक डोळा केव्हाचा गेला. दुसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नऊ तारखेला झालं, त्यावर पट्टी आहे. तिची सून शाळेत शिकवते, ती सहाला येते. तोपर्यंत ही बाई भिंतीकडे तोंड करून बसते. म्हणून मी रोज सव्वापाचला जाऊन तिला वर्तमानपत्र वाचून दाखवते. हे सोडणं शक्य नाही. वेळ बदलणंही शक्य नाही, कारण त्याआधी ती झोपते आणि झोपमोड झाली तर माझ्या वाचण्याला नावं ठेवते.

तर त्या मंगळवारी मी गव्हाच्या गोड हुग्गीचा डबा आणि वर्तमानपत्र घेऊन पट्ट्यांवर पाऊल टाकलं. आमच्या मोठ्या सिस्टरनी शिकवलं होतं की आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे बघावं आणि मान ताठ ठेवून जावं. समोरून अख्खी पाळी अंगावर येत असेल तर काय करावं, हे त्यांनी शिकवलं नव्हतं. मधोमध पोचले आणि हँडलांच्या कुंपणात अडकले. कोणी धक्का मारला असं मी म्हणणार नाही. सगळे फार सभ्य होते. “अम्मा, जरा सरका,” “बाई, सांभाळून,” असं प्रत्येक जण म्हणत होता आणि प्रत्येकाचं चाक मला दोन बोटं मागे नेत होतं. मी शिवपुत्राला हाक मारली. म्हटलं, हे पट्टे पायी चालणाऱ्यांसाठी आहेत, हो की नाही?

“व्हय की,” तो म्हणाला. “ते पण पायीच हायत की, बाई.”

वर तो मलाच म्हणाला, “तुमी उलट्या बाजूनं आलात म्हणून खोळंबा हुतोय.” तेवढ्यात माझा पदर एका कॅरिअरच्या स्प्रिंगमध्ये सापडला. सायकलीचा मालक पुढे बघून चाललेला, मी मागून चाललेली. चंद्रव्वाकडे निघालेली मी, स्वतःच्या घरावरून, स्वतःच्या दारात उभ्या असलेल्या शेजारणींसमोरून, लग्नातल्या नवरीसारखी एका अनोळखी माणसामागे गेले. वस्तीच्या तोंडाशी असलेल्या पिंपळापाशी तो थांबला, वळला आणि अदबीने म्हणाला, “पदर तेवढा सोडवून घ्या बाई, मला आता बसायचंय.” पदर सोडवताना भिंतीवर कोपर घासलं. हुग्गी सांडली नाही. (झाकण घट्ट आहे. तुझ्या लग्नातला डबा.)

तेव्हा माझ्या मागण्या अशा. पाटी काढावी. शिवपुत्राने माझी लेखी क्षमा मागावी. महापालिकेने कोपराच्या मलमाची व्यवस्था करावी. या पत्राचं लेखी उत्तर, तोंडी निरोप नव्हे, गुरुवार दिनांक २ मार्च, सायंकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडावं.

तुझी आत्या,
महादेवी हत्तुरे

ता. क. पाटी काढली नाही तरी चालेल. ती लागल्यापासून मोटारी आमच्या कोपऱ्यावरून वळत नाहीत, दुपारी झोप लागते. शिवपुत्राच्या क्षमेचंही राहू दे. परवा त्याने आपणहून माझ्यासाठी शिट्टी वाजवली. कोणी थांबलं नाही, पण वाजवली.

आणखी एक. ती युक्ती कोणी सांगितली याची चौकशी तुझ्या खात्यात चालू आहे असं कानावर आलं. ती थांबव. येडूच्या चाकातली हवा सोडली त्या दिवशी मी त्याला गॅलरीतून एवढंच म्हटलं होतं, “अरे, खाली उतरून चालत ये ना, चालणाऱ्याला कुठला कायदा आहे?” त्याने ते चहाच्या टपरीवर सांगितलं असणार. माणूस लई बोलका आहे.

शेवटचं, आणि हे फाइलला लावू नकोस. बुधवारी चंद्रव्वाने माझं कोपर चाचपलं आणि म्हणाली, “तू येऊ नकोस बाई, मी बसते अशीच. मरशील त्या चौकात.” म्हणून मी वर्तमानपत्रातून तिला एक बातमी वाचून दाखवली. त्यात नव्हती, मी वाचली. गिरणी चौकात महापालिकेचे तरुण इंजिनीअर विरुपाक्ष हत्तुरे यांनी नवे रुंद पट्टे आखले, सायकलींसाठी बाजूला वेगळी वाट दोरी लावून काढली आणि म्हाताऱ्या माणसांना पोलीस हात धरून पलीकडे पोचवतो. गुरुवारी थोडी भर घातली. शनिवारी तुझा सत्कार झाला. चंद्रव्वा फार खूश झाली. म्हणाली, “लई चांगलं केलं की तुझ्या भाच्यानं. मग शुक्रवारी, तीन तारखेला, डोळा उघडला की संध्याकाळी मीच येते तुझ्याकडं. कोणी सोबत नको.” तिला मी ओळखते. ती येणार. नव्या चष्म्याने, जाड भिंगांतून बघत, एकटी, बरोबर भोंग्याच्या वेळी.

खरं काय ते मला तिला सांगता येत नाही. तुझ्याने होईल तेवढं कर. चुना आणि दोरी, एवढ्यावर भागेल. आणि उत्तर लेखीच पाठव, दोन तारखेला पाचच्या आत, काय केलंस ते स्वच्छ अक्षरात लिहून. म्हणजे पट्टी सुटायच्या आधी एकदा तरी कागदावर जे आहे तेच तिला वाचून दाखवता येईल.