धूर उभा होता तोवर

आये, परवा मी चारचौघांत तुझ्याबद्दल बोललो. तू असतीस तर तोंडाला पदर लावून मागच्या मागे निघून गेली असतीस. शिळफाट्याजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. आपल्या आदिवासी वाड्यांवरची शिकलेली पोरं हल्ली गावोगाव असे कार्यक्रम घेतात. कोण कुठे वेठीला होतं, कोण कसं सुटलं, ते ज्याचं त्यानं सांगायचं. भिंतीवर मोठा नकाशा होता आणि पळून आलेल्यांच्या वाटा त्यावर लाल दोऱ्यानं दाखवायच्या होत्या. खालापूरच्या डोंगरातल्या कोळशाच्या भट्टीपासून कोंडाणे लेण्यांच्या अलीकडच्या आपल्या वाडीपर्यंतचा दोरा मी लावला. वीतभर भरला. बाच्या खांद्यावर बसून तेवढ्या वाटेला अख्खा दिवस लागला होता.

मी जायला तयार नव्हतो. माथेरानच्या हॉटेलात पंचवीस वर्षं मुदपाकखान्यात काढलेला माणूस माइकवर काय बोलणार, असं मी पोरांना सांगितलं. खरं कारण निराळं होतं. बाची गोष्ट सांगायला सोपी आहे. तुझी मला कधीच नीट सांगता आली नाही.

मी पाच-सहा वर्षांचा आहे. भट्टीच्या शेठनं आदल्या दिवशी बाला सगळ्यांदेखत काठीनं मारलंय. माणसं अशी बांधून ठेवायची नाहीत असा कायदा झाला होता म्हणे, पण तो त्या डोंगरावर चढला नव्हता. सकाळची वेळ आहे. बा मला खांद्यावर घेतो आणि तुला म्हणतो, "चल गं, हीच येळ हाय." तू भट्टीपाशी उभी. लाकडं रचून, पाला-माती लिंपून भट्टी कालच पेटवलेली. कुठं माती फुटली की हवा आत शिरते, जाळ होतो आणि कोळशाच्या जागी राख उरते. म्हणून पेटलेल्या भट्टीपाशी कुणीतरी लागतंच. तू हातात मातीचा गोळा घेऊन म्हणतेस, "तुमी व्हा म्होरं. भट्टी पेटलीया, सोडायची नसते." बा चालू लागतो. मी मात्र ओढा ओलांडेपर्यंत मान वळवून रडतो. मागे झाडांवर आपल्या भट्टीचा पांढरा धूर सरळ वर जाताना दिसतो, तू दिसत नाहीस.

तिसऱ्या दिवशी दुपारी तू वाडीवर आलीस. डोक्यावर लाकडाची मोळी होती. मोळी घेतलेल्या आपल्या बाईला कुठं चाललीस म्हणून रस्त्यात कोण विचारतं? तुझे हात कोपरापर्यंत भाजलेले होते. तू मला जवळ घ्यायला वाकलीस आणि मी मामीच्या मागे लपलो. नंतर दहावीला असताना, शाळा सोडतो म्हणून आपलं भांडण झालं, तेव्हा मी बोलून गेलो, "तुला माझ्यापेक्षा शेठचा कोळसा प्यारा होता." तू भाकरी थापत होतीस. थापायची थांबली नाहीस. एवढंच म्हणालीस, "भाकर खा नि शाळंला जा." मी गेलो. तुझ्यामुळेच गेलो, हेही तेव्हा कळलं नाही.

परवा माइकवर मी हे सगळं सांगितलं. कार्यक्रम चालवणारी मुलगी हळूच म्हणाली, "एवढा मार खाऊनही त्या मालकाचं नुकसान होऊ नये म्हणून थांबल्या?" मी म्हणालो, "वेठ अंगात मुरली की तसंच होतं. आई पायानं सुटली, मनानं नाही सुटली." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात मागच्या ओळीतून एक म्हातारी काठी टेकत उठली. आपल्या शेजारच्या भट्टीवर होती म्हणे. मी तिला ओळखलं नाही.

"कुणी सांगितलं रं तुला हे? शेठच्या कोळशासाठी? शिकून येडा झालास का काय?"

सगळे हसले. म्हातारी हसली नाही.

"मुकादम खाली आंब्याखाली बसायचा. पोट हे एवढं, त्याला चढवायचं नाय. वर बघायचा नि धुरावर हजेरी लावायचा. धूर उभा हाय म्हंजी माणसं हायत. जाळ दिसला की मातर कुत्र्यावानी धावत यायचा. तुझी आय दोन दिस एकटी माती लिंपीत होती. मी म्हनलं, बाय, पळ आता. तर म्हनली, धूर उभा हाय तवर तो बसलेला हाय. माजं पोर लांब जाऊ दे."

म्हातारी खाली बसता बसता म्हणाली, "आन् तू हितं टाळ्या घेतोस."

आये, तू मला का सांगितलं नाहीस? सांगायला तुला तीस वर्षं मिळाली. की पोराला सांगायचं असतं असं तुला वाटलंच नाही? भट्टी सोडायची नसते हेही तू मनापासून मानायचीस, ते मला ठाऊक आहे. तू रोज चुलीतला निखारा राखेनं झाकून, हात जोडून मगच उठायचीस. तसाच मी आजही हॉटेलातली शेगडी बंद करताना हात जोडतो. पोरं हसतात.

काल वाडीवर गेलो होतो. वाटेवरच्या वाघोबापुढे, तू ठेवायचीस तसं फूल ठेवलं. हे पत्रही तिथंच दगडाखाली ठेवायचं म्हणून आणलं होतं. ठेवलं नाही, कारण एक गोष्ट यात अजून लिहिली नव्हती. म्हातारीचं बोलणं संपल्यावर सगळा हॉल माझ्याकडे बघत होता, तेव्हा मी सावकाश मान डोलावली. हे मला पहिल्यापासून माहीत होतं, अशी.