‘आरशात बघा’ एवढंच म्हटलं होतं

तीर्थरूप मामांस,

तुमच्या भाचीचा नमस्कार. (साष्टांग घालण्याइतकी लांबी या खोलीत नाही, म्हणून खुर्चीत बसूनच.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी तुम्हाला जिना चढू देत नाही असं कळलं. चढू नका. तुम्ही आपलं ड्रायव्हिंग स्कूल विकल्यापासून दिवसभर टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याशी वाद घालता, असंही आई म्हणाली. त्याला ऐकू जात नाही हे मामीनं सांगितलंच असेल. मी बरी आहे. म्हणजे तब्येतीनं.

तुमच्या शब्दाखातर तुमच्या मित्रांनी मला इथे त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला ठेवून घेतलं, त्याबद्दल मागच्या पत्रात आभार मानले होते. ते तूर्त परत घेते. देश एक, भाषा एक, शब्दसुद्धा तेच, मग या शहरातली माणसं पलीकडच्या खोलीत कुणी आजारी माणूस नुकताच झोपल्यासारखी का बोलतात? वाक्य सावकाश निघतं, मध्ये कुठेतरी टेकतं आणि शेवटच्या अक्षरावर लांबत लांबत विझून जातं. आपल्याकडे वाक्य पहिल्या शब्दापासून चढतं आणि दार आपटावं तसं संपतं. त्यात राग नसतो, हे आपल्याकडच्या पाळण्यातल्या पोरालाही कळतं. इथे मोठ्यांना कळत नाही. पहिल्याच आठवड्यात घरमालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आईशी काय बिनसलंय म्हणून माझी समजूत घालू लागल्या. मी आईला फोनवर भाजी कसली केलीस ते विचारत होते.

घरचं एक वेळ परवडलं. माझे पहिले विद्यार्थी म्हणजे कोपऱ्यावरचे बेकरीवाले. सज्जन माणूस, गाडी बेतानं चालवत होते, म्हणून मी नुसतं म्हटलं, “आरशात बघा.” त्यांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. मागचा टेम्पो आमच्यापासून वीतभर अंतरावर थांबला आणि टेम्पोवाला खाली उतरून काहीतरी बोलला. (मला वाटलं पत्ता विचारतोय. तो शिव्या देत होता. इथले लोक शिव्यासुद्धा अंगाई म्हटल्यासारख्या देतात.) मग मी “घाबरू नका” म्हटलं, तर त्यांनी स्टिअरिंगच सोडून दिलं. बँकेतल्या बाईंना “छान, अशीच चालवा” म्हटलं, तर त्यांनी गाडी कडेला घेतली आणि रुमाल काढून रडायला लागल्या. मामा, ती शाबासकी होती. माझ्या पायाशी शिकवणाऱ्यासाठी वेगळा ब्रेक दिलेला आहे, पण तो वापरायची वेळच येत नाही. मी तोंड उघडलं की गाडी थांबते.

शेवटी मालकांनी (तुमचे मित्र, पण सध्या मालकच म्हणते) मला केबिनमध्ये बोलावलं. ते इतके मऊ बोलले, की मी मान डोलावली, चहाबद्दल आभार मानले आणि प्रसन्न चेहऱ्यानं बाहेर आले. जिन्यात आमच्या ऑफिसातल्या ताईंनी सांगितलं, की ती माझी कानउघाडणी होती, आणि या खेपेला माझे विद्यार्थी परवान्याच्या परीक्षेत आपटले तर मला नारळ मिळणार आहे. माझी झोप उडाली. तुमचं नाव सांगून मिळवलेली नोकरी घालवून परत कुठल्या तोंडानं यायचं?

म्हणून मी इथली बोलण्याची ढब शिकायला घेतली. गुरू अर्थात घरमालकीणबाई. (त्यांचं “दूध संपलंय वाटतं” पूर्ण होईपर्यंत दुकान बंद होतं.) संध्याकाळभर घोकून दुसऱ्या दिवशी गाडीत बेकरीवाल्यांना त्याच सुरात म्हटलं, “आता… जरा… डावीकडे… घ्या हं…” वाक्य संपलं तेव्हा डावीकडचं वळण मागे राहिलं होतं. ते तरीही आज्ञाधारकपणे वळले आणि आम्ही सिमेंटच्या गोदामात शिरलो. बँकेच्या बाईंना तर मी सूचना देतेय हेच पटेना. मी मनातलं काहीतरी बोलून दाखवतेय असं समजून त्या सहानुभूतीनं “हो ना” म्हणाल्या आणि सरळ पुढे गेल्या. मग मात्र माझं डोकं फिरलं. जायची तर जाऊ दे नोकरी, असं म्हणून मी आपल्या पट्टीत बोलायला लागले ती परीक्षेपर्यंत थांबले नाही. दोघंही आधी रोज दचकायचे, मग अधूनमधून, आणि शेवटी शेवटी बेकरीवाले मला मध्येच तोडून पावाचे भाव सांगायला लागले.

परीक्षेच्या दिवशी मैदानावर नवे परीक्षक आले होते, बदली होऊन. ते म्हणाले, “चला, बसा गाडीत, वेळ नाही मला.” माझ्या अंगावर काटा आला, मामा. तोच दार आपटल्यासारखा सूर, आपल्या शहरचा माणूस. बाकीच्या स्कूलच्या विद्यार्थ्यांची दाणादाण उडाली. एकानं भर उन्हात वायपर लावले, एकजण पट्टा सोडून, गाडीतून उतरून, हात बांधून उभाच राहिला. माझी माणसं मात्र ढिम्म. बँकेच्या बाईंनी गाडी उलटी घेतली, रांगेत लावली आणि साहेबांना विचारलं, आणखी काही आहे का. दोघंही पास.

तर नोकरी पक्की झाली. आता नवे विद्यार्थी आल्या आल्या “त्या ओरडणाऱ्या बाई” मागतात. मी ओरडत नाही असं मी त्यांना रोज सांगते, तर ते म्हणतात, बघा, ओरडल्याच. मामीला नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. मालक तुम्हाला दोन-चार दिवसांत फोन करतील. त्यांना असाच आणखी एक आवाज हवाय. तुम्ही इथे येऊन शिकवावं, स्कूलच्या मागच्या खोल्यांत राहावं, असं त्यांच्या मनात आहे. कृपा करून नाही म्हणा. गुडघ्याचं कारण सांगा. तुम्ही आलात तर मला इथे कोण विचारणार? खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला बसले.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडलंय. परीक्षा आटोपल्यावर त्या वयस्कर परीक्षक साहेबांनी जाता जाता मला विचारलं, “काय गं, जेवलीस का?” एवढंच, पण आपल्या सुरात, आणि मी भर मैदानात रडले. इथली माणसं वाईट नाहीत, मामा. पण मला करमत नाही. मालकांना हो म्हणा, मामीलाही घेऊन या. विद्यार्थी कुणी किती घ्यायचे, ते आपण इथे भांडून ठरवू.