चित्राच्या दोन्ही बाजूंस

६ जानेवारी
धंतोलीतील या भाड्याच्या घरात आज स्थिरस्थावर झालो. हृदयाचे डॉक्टर चार घरांवर. त्यामुळे माझी कन्या मिनल निश्चिंत झाली. दिवाणखान्याच्या छताला आधीच्या भाडेकरूचा प्रोजेक्टर (योग्य शब्द प्रक्षेपक) तसाच टांगलेला आहे. घरमालक चंपतराव म्हणाले की, तो गृहस्थ एके दुपारी न सांगता निघून गेला. सामानासाठीही परतला नाही. त्याचा निष्काळजीपणा माझ्या पथ्यावर पडला. माझ्या दिवंगत पत्नीचे, प्रेमिलाचे, हलते चित्र एकच: मिनलच्या लग्नाची डीव्हीडी. मूळ कॅसेट बुरशीने गेली. आता प्रेमिला भिंतभर दिसेल.

७ जानेवारी
डीव्हीडीचे यंत्र प्रोजेक्टरला जोडण्यासाठी सदर बाजारातून तारा आणल्या. पिवळी पिवळ्या खाचेत, लाल व पांढरी आपापल्या जागी. पडदे ओढून पाहिले, तो चित्र आडवे ताणलेले. प्रेमिला अशी रुंद नव्हती. रिमोटवर ‘चार बाय तीन’ हा आकार निवडताच ती पूर्ववत झाली; चित्राच्या दोन्ही बाजूंस काळे पट्टे तेवढे उरले. मंचावर सारे ओळीने उभे: डाव्या टोकाला माझी बहीण यमुताई, उजव्या टोकाला व्याही आनंदराव, मधोमध नवदांपत्य आणि प्रेमिला.

चंपतराव चहाला आले होते. म्हणाले, “सर, फुल्ल करा न. एवढी भिंत काहून वाया घालवून राहिले?” भिंत भरण्यासाठी माणसे ताणू नयेत, असे मी त्यांना सांगितले.

९ जानेवारी
यमुताई चित्रात नाही. तिच्या पदराचे टोक दिसते. ते काळ्या पट्ट्याच्या आत ओढले गेले आहे. तिला दूरध्वनी केला. ती सुखरूप आहे. मंचावरून आपण हललोच नव्हतो, असे ती म्हणाली आणि माझ्या चष्म्याची चौकशी करून हसली.

१० जानेवारी
आनंदरावही नाहीत. तारा काढून पुन्हा जोडल्या. पट्ट्यांची रुंदी पट्टीने मोजली; ती तेवढीच आहे. माणसे मात्र कमी होत आहेत, दोन्ही टोकांकडून, मध्याकडे.

डीव्हीडी पुन्हा लावायची नाही, असे ठरवले आहे.

११ जानेवारी
लावली. न लावता प्रेमिला उरली आहे हे कळणार कसे?

जावई नाहीत. मिनलही नाही. तिला तीनदा दूरध्वनी केला; ती वैतागली, पण बोलली. मंचावर प्रेमिला एकटी. पट्ट्यांच्या कडा सरळ राहिलेल्या नाहीत. त्यांना बोटे —

१२ जानेवारी, दुपार
चंपतरावांचे ऐकले. ‘पूर्ण’ हा पर्याय निवडला. पट्टे गेले. प्रेमिला रुंद, बेढब, पण अखंड. ती वाचली. मी रडलो.

मग मनात आले की, तो काळोख गेला कुठे.

पडदे उघडले. बाहेर लख्ख ऊन आहे. ते माझ्यासमोरच्या भागातच पडते. खुर्चीच्या डावीकडे भिंत दिसत नाही. उजवीकडेही —

प्रेमिला हसायची थांबली. माझ्याकडे पाहत आहे. या चित्रफितीत ती कुठेही बोलत नाही. आता बोलली.

“अहो, काहून बसून राहिले तिथं? उठा.”

उठतो. कागदाच्या कडा दिसेनाशा — दार उजवीकडे आहे, आणि उजवीकडून माझ्या मनगटाला कोणी