इराणी सुलतानाची कातरणी

कोरेगाव, पौष शुद्ध पंचमी, १९४६

तीर्थरूप आकारामदाजींच्या पायांवर धाकटा मेहुणा जोतीराम याचा दंडवत, आक्कालाही नमस्कार सांगावा. यंदाच्या थंडीत तुमच्या कानांचा ठणका थांबला हे वाचून बरं वाटलं. पण सांगलीतली कुत्री हल्ली नेमकी तुमच्यावरच धावून येतात, याची काळजी वाटली (लढाईवरून आलेल्या हवालदाराच्या अंगावर कुत्री जावीत म्हणजे काय!). इकडे सगळी खुशाल आहेत, एक सोडून. त्या एकाविषयीच लिहितो, पण दाजी, आधी खाली बसा.

तुमच्या कप्तानसाहेबानं इराणातून आणलेला आणि तुमच्याकडे सांभाळायला ठेवलेला सुलतान बोका, त्याच्या केसांनी आक्काला खोकला होतो म्हणून तुम्ही माझ्याकडे धाडलात, त्याच दिवशी मला पहिला धक्का बसला. पाटीतून मांजर निघेल असं वाटलं होतं, निघालं कोकराएवढं धूड! नाक चेहऱ्यात रुतलेलं (वाटेत कुणी ठोसा मारला असेल म्हणून अंजनानं त्याला हळदीचा लेपही लावला. या जातीचं नाक असंच असतं हे आधी सांगायचं होतं). उंदीर समोरून आला तर हा बाजूला सरकून वाट देतो. खायला रोज उकडलेलं मटण, तेही बिनमिठाचं. अहो, आमच्याकडे मटण जत्रेला शिजतं! आणि रोज लाकडी फणीनं त्याचे अंगभर केस विंचरायचे. लग्न झाल्यापासून अंजनाची वेणी मी कधी घातली नाही, पण याच्यापुढे पाटावर बसलो. का, तर माझ्या भाच्याला, तुमच्या कृष्णातला फौजेतली कारकुनी मिळायची ती साहेबाच्या शिफारशीवर, साहेब मडमेच्या शब्दाबाहेर नाही आणि मडमेचा जीव या बोक्यात. भाकरीत केस निघाले तर ते वेचून पुढचा घास घेतला.

दिवाळीनंतर गुऱ्हाळ लागलं आणि विंचरणं राहिलं. तेवढ्यात सुलतान बांधावर फिरून आला तो पोटाखाली कुसळं, गोखरू सगळं घेऊन. केसांचे असे गठ्ठे झाले की फणीचे दात मोडले. आपल्या रानात खतासाठी धुळा धनगराची मेंढरं बसवली होती. धुळानं बोका उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, “आवं पाटील, येवढी लोकर अंगावर ठिवून जनावर जगंल का? द्या हिकडं.” मी त्याला गाठी तेवढ्या काप म्हणालो आणि काहिलीतला रस बघायला गेलो. माझी अक्कल बघा, मेंढरं कातरणाऱ्याला गाठी तेवढ्या काप म्हणालो!

परत येऊन बघतो तर काय! एकीकडे केसांचा सुलतानाएवढा ढीग, आणि त्याच्याशेजारी मोठ्या डोक्याचं एक वीतभर उघडं पिल्लू. धुळाच्या हातातली कातर तशीच राहिली होती. मलाच विचारतो, “पाटील, ह्येच्यातलं मांजार कुटं गेलं वं?” अंजना किंचाळली, “आगं बया, आपला गोठ्यातला बोका बी ह्येच्यापरीस मोठा हाय!” सुलतानानं स्वतःकडे एकदा पाहिलं आणि कणगीमागे गेला तो मटणाच्या वासालाच तेवढा बाहेर येतो. रिवाजाप्रमाणे निम्मी लोकर धुळा घेऊन गेला, निम्मी घरात राहिली.

गुपचूप केस वाढतील म्हणून मी गप्प होतो. आज तुमचं पत्र आलं, की येत्या रविवारी मडम बोका न्यायला सांगलीला येणार. दाजी, वाचून मी उंबऱ्यातच बसलो. केस जेमतेम बोटभर आलेत, तेही ज्वारी काढलेल्या रानातल्या धसकटांसारखे. कृष्णातच्या नोकरीत मी विष कालवलं असं आक्का म्हणेल, आणि ते खोटं म्हणता येणार नाही.

तुमचा भेदरलेला,
जोतीराम

ता. क. मडमेला शिमग्यापर्यंत थोपवा. सुलतान हवापालटाला गेलाय म्हणा, काहीही म्हणा, पण तिला कोरेगावची वाट दाखवू नका.

ता. क. दुसरा. पत्र बंद करताना अंजनानं आत्ता सांगितलं. घरातली ती निम्मी लोकर हिनं धुतली, धुळाच्या बायकोकडून कातून घेतली आणि तुमच्या कानांसाठी कानटोपी विणली. आपल्या गावच्या नाथाजीबरोबर तुमच्याकडे आली ती टोपी हीच. कुत्री का धावतात ते आता कळलं असेल. रविवारी कान दुखले तरी चालतील, पण टोपी ट्रंकेत ठेवा. मडम इथल्या बोक्याला ओळखेल की नाही देव जाणे, पण तुमच्या डोक्यावरच्याला ती ओळखल्याशिवाय राहायची नाही.