तिसरी सुई

रविवार, सांजेला

आमची रेश्मा दातांची डाक्टरीण होणार, हे मुरबाडच्या विहीणबाईंना आज मी तिसऱ्यांदा सांगितलं. आनंद पोटात मावत नाय. पण नात कायतरी लपवते.

दुपारी ओटीवर बायांना सांगत होती, एक कावीळ रक्तातून लागते, दात काढणाऱ्यालापण होते, म्हणून आमी हातमोजे घालतो आणि तीन सुया टोचून घेतो. मी विचारलं, "तुझ्या झाल्या का गो तिन्ही?"

"आजे, तू आधी तुझी कवळी धू."

बाया हसल्या. मला नाय हसू आलं. सरळ हो का नाय म्हणाली?

भाकऱ्या थापताना परत विचारलं. तेव्हा बोलली, "दोन झाल्या. तिसरीच्या टायमाला परीक्षा होती."

"आणि लोकांच्या तोंडात हात घालतेस?"

"मोजे असतात ना!"

"फाटला तर?"

तव्यावरची भाकरी उलटायला लागली.

म्हशीची लस मी एकदापण चुकवली नाय, आणि घरची डाक्टरीण अर्धीच टोचलेली! दोन तरी खऱ्या का? कार्ड दाखव म्हटलं, तर होस्टेलवर आहे म्हणते.

उद्या तिच्याबरोबर कॉलेजात जाते. सुई टोचेपर्यंत हलायची नाय. मैत्रिणी हसतील म्हणते. हसू देत. त्यांच्या किती झाल्या, तेपण विचारीन.